वाचक विचारतात : हेलिकॉप्टर बैल का उचलत नाही?

नौदलात माझं काम चेतक हेलिकॉप्टरच्या देखभालीचं होतं. उडणारे वेगळे, मी खाली पाना घेऊन थांबणारा. आता औसा तालुक्यात सोयाबीन बघतो आणि संपादकांनी दिलेल्या या पानावर यंत्रांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी फुगली, परंडा-भूमकडची माणसं सैन्याच्या हेलिकॉप्टरनं काढावी लागली, तेव्हापासून टपालात दुसरा विषयच नाही. ठिबकच्या फिल्टरविषयी ज्यांनी विचारलंय त्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल.

प्रश्न : आमच्या शिवारातली वस्तीवर अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं नेली. उपकारच झाले. पण एका खेपेला मोजकीच घेतली, बाकीचे पाण्याच्या वेढ्यात ताटकळले. दावणीची जनावरं तर तशीच राहिली. एवढं मोठं यंत्र, आत जागाही दिसत होती. मग असं का? — एक शिक्षक, परंडा तालुका

गुरुजी, जागा असली तरी वजन बसावं लागतं. मी ज्याच्यावर काम केलं त्या चेतकचा हिशोब मांडतो, तुम्ही वर्गात फळ्यावर घ्या.

चेतकनं उडताना एकूण वजन २,२०० किलोच्या वर जाता कामा नये. नुसतं रिकामं यंत्रच साडेअकराशे किलोच्या आसपास भरतं. टाकीत ५७५ लिटर इंधन मावतं. ती भरली की साडेचारशे किलो गेले. उरले सहाशे. त्यात वैमानिक, सोबतचा वैमानिक किंवा डायव्हर (पाण्यात उतरून माणूस धरणारा), दारात बसून विंच, म्हणजे दोर वर-खाली करणारी चरखी, चालवणारा, ती विंच, पट्टे, प्रथमोपचाराची पेटी. राहता राहिलं ते तीन-चार माणसांपुरतं. जास्त माणसं घ्यायची तर इंधन कमी भरायचं, आणि इंधन कमी भरलं की लांब जाता येत नाही. नाशिकहून परंडा सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या घरात. चेतकच्या वेगानं जायलाच सव्वा ते दीड तास. परतीचं इंधन राखून ठेवायचं की माणूस घ्यायचा, हा हिशोब वैमानिक प्रत्येक खेपेला करतो. तुमच्याकडं आलेलं यंत्र चेतकपेक्षा मोठं असलं तर आकडे मोठे होतील, हिशोब हाच.

शिवाय आपला मराठवाडा पठारावर. समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंच. उंचीवर हवा विरळ, उन्हानं तापली की आणखी विरळ, आणि पंख्याची पाती त्या हवेलाच धरून उभी असतात. मुंबईत कुलाब्याच्या नौदल तळावरून जेवढं वजन सहज उचलतं तेवढं मे महिन्यात दुपारी बीडला उचलेलच असं नाही. त्यातही पुढं जाताना हेलिकॉप्टरला कमी ताकद लागते आणि एका जागी लटकून उभं राहायला जास्त. दोर सोडून माणूस उचलायचा म्हणजे नेमकं एका जागी लटकायचं. यंत्राची सगळ्यात जास्त दमछाक होते ती तेव्हाच, आणि खालून बघणाऱ्याला वाटतं, ते नुसतं उभंच आहे की!

आता जनावरांचं. चेतकच्या विंचची क्षमता पावणेदोनशे किलो. चांगला पोसलेला देवणी किंवा लाल कंधारी बैल चारशे-पाचशे किलोचा. डोक्यावर पंख्याचा आवाज आल्यावर तो काय करेल ते तुम्हाला मी सांगायला नको. ती वेळ आली तर एकच करा, पाणी गोठ्याकडं यायच्या आधी दावी सोडून द्या. जनावर मोकळं असलं तर पोहतं, उंचवटा शोधतं. खुंट्याला बांधलेलं जागीच बुडतं. हे हेलिकॉप्टरच्या पानावर लिहितोय खरं, पण त्या पुराचा सगळ्यात उपयोगी धडा मला हाच वाटतो.

प्रश्न : सैन्यात हेलिकॉप्टरची बचाव स्क्वाड्रन कधीपासून आहेत? आपल्या देशात पहिलं कोणतं? स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात याचं एक पानही नाही. — महाविद्यालयीन विद्यार्थी, उदगीर

पुस्तकात नाही याचं नवल नाही. लढणाऱ्या स्क्वाड्रनचा, म्हणजे पथकाचा, इतिहास पाडलेल्या विमानांत मोजता येतो. वाचवणाऱ्यांचा मोजायला घेतला की वाचलेली माणसं आपापल्या घरी निघून गेलेली असतात.

सुरुवात ब्रह्मदेशातून करावी लागते, आणि तिचा एक धागा आसामात आहे. एप्रिल १९४४. दुसरं महायुद्ध चाललेलं. जपानी फौजांच्या मागं, जंगलात, एक छोटं अमेरिकन विमान पडलं. वैमानिक आणि त्याच्यासोबतचे तीन ब्रिटिश सैनिक जिवंत, पण ते तिघे जखमी किंवा आजारी. विमान उतरवायला जागा नाही. तेव्हा आसामातल्या लालाघाटच्या धावपट्टीवर सिकोर्स्की कंपनीचं वायआर-४बी हे नवंकोरं हेलिकॉप्टर होतं. इंजिन जेमतेम १८० अश्वशक्तीचं, आत बसायला दोनच जागा, त्यातली एक वैमानिकाची. लेफ्टनंट कार्टर हार्मन ते घेऊन टप्प्याटप्प्यानं निघाला. २५ एप्रिलला त्यानं एकेक करून दोघांना काढलं. मग उन्हानं आणि वजनानं इंजिन तापून बसलं. रात्र तशीच गेली, सकाळी उरलेले दोघे काढले. चार माणसं, चार खेपा. युद्धात हेलिकॉप्टरनं केलेली ही पहिली सुटका मानतात. हा हार्मन पुढं न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात संगीत समीक्षक झाला आणि स्वतः संगीतरचनाही करायचा. त्या इंजिनाचा सूर त्याला आवडला असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा माणूस आत घ्यायचा तर खाली टेकावंच लागे. २९ नोव्हेंबर १९४५ ला अमेरिकेत कनेटिकटच्या किनाऱ्याजवळ वादळात एक तेलवाहू बार्ज, म्हणजे सपाट तळाची मोठी नाव, खडकावर अडकली. जिमी व्हायनर या वैमानिकानं आर-५ हेलिकॉप्टर वर धरलं आणि विंचनं दोन माणसं वर ओढली. दोर लावून माणूस उचलल्याची ही पहिली नोंद. माझ्या लेखी आजच्या बचाव पथकाचा जन्म ब्रह्मदेशातल्या सुटकेपेक्षा या दोन माणसांपाशी होतो, कारण टेकायची अट इथं सुटली.

मग कोरिया, मग व्हिएतनाम. इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. ही पथकं पुरातल्या माणसांसाठी निघालीच नव्हती. पडलेला वैमानिक शत्रूच्या हाती लागू नये म्हणून निघाली. वैमानिक तयार व्हायला वर्षं लागतात, त्याच्या मनात ‘मला न्यायला कुणीतरी येईल’ ही खात्री असली तर तो धीरानं लढतो, असा रोकडा विचार त्यामागं होता. व्हिएतनाममध्ये ११ एप्रिल १९६६ ला विल्यम पिट्सेनबार्गर नावाचा एकवीस वर्षांचा बचाव सैनिक दोरावरून जंगलात उतरला, जखमींना बांधून वर पाठवत राहिला. गोळ्या लागून हेलिकॉप्टरला माघारी जावं लागलं. त्याला वर जाता आलं असतं, तो थांबला आणि त्याच रात्री मारला गेला. अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक त्याच्या नावावर लागायला डिसेंबर २००० उजाडलं.

ब्रिटनच्या हवाई दलानं १९५३ पासून बचावासाठी हेलिकॉप्टरची स्क्वाड्रन नेमली. तीही आपल्या वैमानिकांसाठीच. पण हेलिकॉप्टर तयार उभं आहे म्हटल्यावर कोळी, गिर्यारोहक, जहाजावरचे आजारी खलाशी, सगळ्यांसाठी बोलावणी यायला लागली आणि बघता बघता वैमानिक मागं पडले, जनता पुढं आली. त्यांची पिवळी सी किंग हेलिकॉप्टरं तिकडच्या पोराटोरांना माहीत होती. राजपुत्र विल्यमही काही वर्षं त्यावर वैमानिक होता. २०१५ मध्ये हे काम हवाई दलाकडून काढून खासगी कंपनीकडं दिलं गेलं.

आता आपलं. हवाई दलात पहिलं हेलिकॉप्टर १९५४ मध्ये आलं, सिकोर्स्की एस-५५. पण बचाव हे ज्याचं मुख्य काम, असं विचारशील तर मी पक्षपात करून नौदलाच्या ३२१ स्क्वाड्रनचं नाव घेणार. टोपणनाव ‘एंजल्स’. मार्च १९६९ मध्ये विक्रांत या विमानवाहू जहाजासाठी ते उभं राहिलं. जहाजावरून सी हॉक किंवा अलिझे विमान सुटायच्या आधी चेतक हवेत जायचं आणि जहाजाच्या बाजूला समुद्रावर लटकून राहायचं. विमान सुटताना किंवा उतरताना पाण्यात पडलंच, तर वैमानिक बुडायच्या आत डायव्हर त्याच्यापाशी पोचला पाहिजे. याला प्लेन गार्ड म्हणायचे. डेकवरून सगळ्यात आधी उठायचं आणि शेवटी टेकायचं, अशी ही नोकरी. डिसेंबर १९७१ मध्ये विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. एका बॉयलरला तडा गेल्यामुळं जहाजाला पुरता वेग घेता येत नव्हता. ४ डिसेंबरला तिच्या सी हॉकनी कॉक्स बाजारवर हल्ला केला. छायाचित्रांत सी हॉकच दिसतात. बाजूला लटकलेलं चेतक छायाचित्रकाराला कधी महत्त्वाचं वाटलं नाही.

या स्क्वाड्रनचं घर मुंबईत कुलाब्याला, नौदलाच्या शिक्रा तळावर. या तळाचं आधीचं नाव कुंजाली. शिक्रा हे नाव २००९ पासूनचं. पण स्क्वाड्रन म्हणजे हँगरमध्ये ओळीनं उभी यंत्रं, असं डोळ्यांसमोर आणू नकोस. एक हेलिकॉप्टर, त्याचे वैमानिक आणि आम्ही मूठभर तंत्रज्ञ मिळून एक ‘फ्लाइट’, आणि ती युद्धनौकेवर जायची. महिनोन् महिने एकाच स्क्वाड्रनची माणसं वेगवेगळ्या समुद्रांवर. इतिहास लिहायचा तर सगळ्या जहाजांची लॉगबुकं उघडावी लागतील.

बर्फाकडचं बचावाचं काम हवाई दलाच्या ११४ हेलिकॉप्टर युनिटचं, स्थापना १ एप्रिल १९६४, मुक्काम लेह. सियाचिन हिमनदीवर ऑक्टोबर १९७८ मध्ये चेतक उतरलं, सियाचिन ताब्यात घेणाऱ्या ऑपरेशन मेघदूत या मोहिमेच्या साडेपाच वर्षं आधी. नंतर तिथं चीता आलं. चीता म्हणजे चेतकचंच इंजिन, पण अंग हलकं, सगळं अनावश्यक काढून टाकलेलं. त्याचीच फ्रेंच आवृत्ती १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंच नेली होती. तरीही हिमनदीवरच्या सर्वांत उंच ठाण्यांवर चीता एका खेपेला मोजके किलो सामान नेऊ शकतं. आजारी जवान आणायचा तर त्याच्यासाठी आधी इंधन घटवतात. हार्मनपासून इथपर्यंत यंत्रं बदलली, वजनाचा काटा काही हलला नाही.

समुद्रावरचं सामान्य माणसाचं काम आता मुख्यतः तटरक्षक दलाकडं आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईजवळ भरकटलेल्या गॅल कन्स्ट्रक्टर बार्जवर १३७ जण होते, ते सगळे सुटले. त्यात तटरक्षक आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांचा वाटा मोठा. त्याच वादळात पी-३०५ ही दुसरी बार्ज २६१ जणांसह बुडाली. तिथं वारा एवढा होता की सुरुवातीचे तास युद्धनौकांनीच पाण्यातून माणसं वेचली. अनेक गेली. परीक्षेत कुणी विचारलं की हेलिकॉप्टर सगळीकडं पोचतं का, तर ही दोन नावं शेजारी-शेजारी लिही.

प्रश्न : टीव्हीवर बघितलं, माणूस नुसत्या दोराला लोंबकळत वर जातो. तो दोर तुटत नाही का? माझी तर छाती धडधडली. — एक आजी, नांदेड

आजी, तो सुती दोर नाही, पोलादी तारांचा पीळ आहे. जाडी पाच मिलिमीटरच्या आतबाहेर. तुमच्या करंगळीपेक्षाही बारीक. एकेका तारेवर जीव टांगलेला असतो, म्हणून तिच्यावर आमचा जीव.

समुद्रावरून हेलिकॉप्टर परत आलं की पहिलं काम गोड्या पाण्याचं. अंग धुवायचं, इंजिनातून पाणी फिरवायचं, नाहीतर मीठ सगळं खाऊन टाकतं. मग विंचची तार पूर्ण सोडायची आणि सुती फडक्याच्या चिमटीतून हळूहळू घ्यायची. कुठं एक बारीक तंतू तुटलेला असला तर तो फडक्यात अडकतो. डोळ्याला न दिसणारं फडक्याला कळतं. तार कुठं दबली, मुरडली, पीळ सुटल्यासारखा वाटला की ती बाद. वरिष्ठ म्हणाले ‘अजून चालेल’ तरी नाही म्हणायचा अधिकार आम्हाला होता, आणि तो वापरताना मला कधी संकोच वाटला नाही.

विंचजवळ ती तार तोडायचीही सोय असते. खाली तार झाडात किंवा जहाजाच्या काठीत गुंतली तर आख्खं हेलिकॉप्टर खाली खेचलं जाऊ शकतं. अशा वेळी वैमानिकानं बटण दाबलं की छोट्या स्फोटानं तार कापली जाते. हे बटण कधीच दाबावं लागू नये म्हणून दारात बसलेला विंच चालवणारा डोळ्यांत तेल घालून बघत असतो. वैमानिकाला आपल्या पोटाखालचं काही दिसत नाही. दारातला माणूस त्याला बोलून दाखवतो : पुढं, थोडं डावीकडं, थांब, माणूस धरला, वर घेतोय. त्याचा आवाज हेच वैमानिकाचे डोळे. आमच्याकडं चांगला वैमानिक म्हणून नाव व्हायचं, चांगला विंचवाला म्हणून नाव फारसं कुणाचं व्हायचं नाही. मला ते कायम खटकत आलंय.

लोंबकळणारा माणूस गोल फिरतो ते मात्र खरं. विहिरीतून पोहरा ओढताना तो गरगर फिरतो ना, तसंच, आणि वरून पंख्याचा वारा. म्हणून सोबत डायव्हर लटकतो किंवा खालून एक हलकी दोरी धरून ठेवतात.

अपघात होतच नाहीत असं खोटं सांगणार नाही. झारखंडात देवघरजवळ त्रिकूट डोंगरावर एप्रिल २०२२ मध्ये रोपवे बंद पडला, हवाई दलानं पाळण्यांतून माणसं काढली, बहुतेक सुटली; पण वर घेताना दोघं पडून गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये पोरबंदरजवळ जहाजावरच्या जखमी खलाशाला आणायला निघालेलं तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर समुद्रात पडलं. चौघांतला एक डायव्हर तेवढा वाचला. छाती धडधडते ते बरोबरच आहे, आजी. वर बसलेल्यांचीही धडधडते.

प्रश्न : हवेत अडकलेल्या रोपवेच्या डब्यात एक लष्करी अधिकारी प्रवाशांसोबत रात्रभर बसला होता, असं आमचे काका सांगतात. खरं आहे का? — एक वाचक, परळी

काकांचं बरोबर आहे. ऑक्टोबर १९९२, हिमाचलमध्ये परवाणू. टिंबर ट्रेल रिसॉर्टचा रोपवे. वरच्या ठाण्याजवळ पोचताना तार तुटली, डबा मागं घसरला आणि हजार फुटांहून खोल दरीवर जाऊन लटकला. डब्यातल्या कर्मचाऱ्यानं घाबरून उडी मारली, तो गेला. आत दहा प्रवासी राहिले.

उत्तर प्रदेशातल्या सरसावा तळावरून १५२ हेलिकॉप्टर युनिटचं एमआय-१७ आलं. वैमानिक फली मेजर, तेव्हा ग्रुप कॅप्टन. १ पॅरा कमांडोचे मेजर इव्हान क्रॅस्टो विंचवरून डब्याच्या छतावर उतरले, झडपेतून आत गेले आणि एकेकाला पट्टा बांधून वर पाठवायला लागले. अडचण काय होती बघा. वर रोपवेच्या तारा. हेलिकॉप्टर खाली आणावं तर पाती तारांना लागायची भीती, वर ठेवावं तर विंचची तार पुरायला हवी. एमआय-१७ च्या पंख्याचा झोत आपल्या पत्र्याच्या शेडचे पत्रे उडवण्याइतका. त्यानं डबा हेलकावे खाणार. अंधार पडला तोवर जवळपास निम्मेच निघाले होते. अंधारात त्या तारांजवळ हेलिकॉप्टर नेणं म्हणजे उरलेल्यांनाही मारणं. क्रॅस्टोंना त्या संध्याकाळी वर येता आलं असतं. ते उरलेल्यांसोबत डब्यातच थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे निघाले, दहाच्या दहा.

क्रॅस्टोंना कीर्तिचक्र मिळालं, फली मेजर यांना शौर्यचक्र. हेच फली मेजर २००७ मध्ये हवाई दल प्रमुख झाले. हेलिकॉप्टर चालवणारा माणूस त्या खुर्चीवर बसायची ती पहिली वेळ. तोवर ती खुर्ची लढाऊ विमानवाल्यांकडंच जायची. त्या दिवशी आम्ही नौदलातल्या हेलिकॉप्टरवाल्यांनीसुद्धा पेढे वाटले, दल वेगळं असलं म्हणून काय झालं?

प्रश्न : किल्लारीच्या भूकंपात हेलिकॉप्टरनं माणसं का काढली नाहीत? — एक वाचक, लोहारा तालुका

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आदल्या दिवशीच गणपती बुडवून लोक झोपलेले. आपल्याकडची घरं दगड-मातीची, दोन-दोन हात जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. माणसं त्याखाली. तिथं हवे असतात हात, कुदळी, पहारी, जॅक, गॅस कटर. हेलिकॉप्टर दोरानं त्याला उचलतं ज्याच्यापर्यंत दोर पोचतो. उलट अर्धवट उभ्या भिंतीजवळ ते खाली आणलं तर झोतानं भिंत पडायची. त्या दिवसांत हेलिकॉप्टरचा खरा उपयोग जखमींना दवाखान्यात हलवायला, औषधं आणायला आणि वरून पाहणी करायला. मी तेव्हा कोचीला होतो. बातमी रेडिओवर ऐकली, त्यापलीकडं त्या दिवसावर लिहायची माझी इच्छा नाही.

प्रश्न : मी बारावी विज्ञानला आहे. मुलींना हेलिकॉप्टर चालवता येतं का सैन्यात? घरचे म्हणतात, ते पोरांचं काम. — हिंगोली

येतं. लष्कराच्या हवाई शाखेत, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअरमध्ये, पहिली महिला वैमानिक कॅप्टन अभिलाषा बराक मे २०२२ मध्ये आपल्या नाशिकच्याच प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडल्या. एनडीएचे, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, दरवाजे मुलींना २०२२ पासून उघडलेत. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व संस्था १९७७ पासून मुलांना तयार करते. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली, पण तिथला प्रवेश दहावीनंतर असतो. तू बारावीला आहेस, म्हणजे एनडीएच्या परीक्षेचा अर्ज लगेच बघ, गणित सोडू नकोस, पोहायला शीक. घरच्यांना हे पान वाचायला दे. वजन कमी भरणारा वैमानिक यंत्राला कधीही परवडतो, हेही सांग.

प्रश्न : आमचं गाव नदीकाठी. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वेळ आली तर हेलिकॉप्टर बोलवायचं कसं आणि आलं तर आम्ही काय करायचं? — सरपंच, भूम तालुका

सरपंचताई, गावातून थेट सैन्याला फोन जात नाही. तुम्ही तहसीलदारांना किंवा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवायचं. जिल्हाधिकारी राज्याकडं मागणी करतात, तिथून ती सैन्यदलांकडं जाते. वाचलेल्या माणसाकडून कुणी पैसे घेत नाही. कळवताना ‘लई पाणी आलंय’ एवढ्यावर थांबू नका. माणसं किती, त्यात म्हातारी-लेकरं-गरोदर किती, छतावर की झाडावर, जवळ विजेच्या तारा आहेत का, हे सांगा. शक्य असेल तर मोबाईलवरून ठिकाण पाठवा. आणि अंधार पडायच्या बऱ्याच आधी कळवा. दुपारी चारला आठवण झाली तर हेलिकॉप्टर यायलाच संध्याकाळ होते, ढग असतील तर तेही नाही.

उतरायला जागा असेल तर कोरडं, सपाट, तारांपासून लांबचं मैदान निवडा, शाळेचं असलं तर उत्तम. चुन्यानं मोठा ‘एच’ काढा. एका कडेला ओल्या काडी-कचऱ्याचा धूर करा, वारा कुठून आहे ते वैमानिकाला दिसतं. ताडपत्र्या, सुटे पत्रे, वाळत घातलेली लुगडी, कडब्याच्या पेंढ्या आधी हलवा. झोतानं उडून पंख्यात गेल्या तर सगळंच संपलं. पोरांना लांब धरा. यंत्राकडं जायचं ते समोरून, वैमानिकाला दिसेल असं, वाकून, त्यानं खूण केल्यावरच. शेपटाकडं कुणी फिरकायचं नाही. तिथला छोटा पंखा फिरताना दिसतच नाही.

दोर सोडला तर दोन गोष्टी. हुक आधी जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्या, मगच हात लावा. हवेत लटकलेल्या हेलिकॉप्टरमध्ये वीज साठते आणि झटका जोराचा बसतो. आणि तो हुक कशालाही, अगदी खांबाला किंवा खाटेलाही, बांधायचा नाही. पट्टा काखेतून गेला की दोन्ही हात खाली, अंगाशी घट्ट. घाबरलेला माणूस वर तार धरायला हात उंचावतो आणि पट्ट्यातून खाली निसटतो. लेकरू असेल तर सोबत उतरलेल्या जवानाकडं द्या, स्वतःच्या कडेवर घेऊ नका. गाठोडं, ट्रंक, पोतं काही न्यायचं नाही. कागदपत्रं आणि औषधं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी बांधा.

ग्रामसभेत हे एकदा वाचून दाखवा, आणि १०७७ हा नंबर शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, पुराचं पाणी गेल्या वेळी चढलं होतं त्याच्या वर, ऑइल पेंटनं लिहून घ्या.